सदनिका क्रमांक ३०४ आणि ओहायोच्या लोरेनबाई

मी, वासंती पंढरीनाथ नाचणकर, वय सदुसष्ट, पूर्वी टायपिस्ट, आता कोणी नाही, राहणार बेव्हर्ली पार्क, मीरा रोड पूर्व, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉ. स्वाती परुळेकर यांचं सर्टिफिकेट सोबत टाचलंय, कारण गेले दोन आठवडे घरात "आईचं हल्ली काही खरं नाही" असं बोललं जातंय आणि ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. कानही ठिकाणावर आहेत.

फोर्टमध्ये एका सॉलिसिटरांकडे मी बावीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं टाइप केली. देह नाशिवंत असल्याचा परिच्छेद मला तोंडपाठ आहे, तो गाळते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आज करते आहे ते कोणी सांगितलं म्हणून नाही, राग आला म्हणून. रागात केलेलं मृत्युपत्र कायद्याने चालतं. दारू पिऊन केलेलं चालत नाही.

१. माझी मिळकत अशी: वरील पत्त्यावरची सदनिका क्रमांक ३०४, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या स्वकष्टाची, शेअर सर्टिफिकेटवर माझं एकटीचं नाव. आमच्या ह्यांनीच ते तसं करायला लावलं होतं, कै. पंढरीनाथांनी. पोस्टातली ठेव. सोन्याच्या चार बांगड्या. एक टाइपरायटर, एक कॉम्प्युटरचा कीबोर्ड. बाकी भांडीकुंडी.

२. सदनिका क्रमांक ३०४ माझ्या पश्चात माझी सून क्षितिजा नीरज नाचणकर हिला एकटीला द्यावी. माझा मुलगा नीरज याला देऊ नये. "नीरजला द्यावी, पण त्याने ती विकू नये, गहाण टाकू नये" असं लिहिता आलं असतं, पण तसली अट कोर्टात टिकत नाही, हे मी बावीस वर्षांत शिकले. क्षितिजा बँकेत आहे. ती दुधाच्या बिलावरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही.

याचं कारण लिहिणं बंधनकारक नाही. तरी लिहिते.

महापालिकेची निवडणूक किती वर्षांनी लागतेय, आणि नीरजला उभं राहायचंय. नीरज माणूस चांगला आहे, हे आईने म्हणायला नको. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यतीनभाई संघवी म्हणतात, "नीरज छे तो पाणी छे." सहा वर्षं हा मुलगा ऑफिसातून येऊन जेवायच्या आधी टाकीवर चढतो. टँकर कधी आला, किती भरला, लाइन कुठे फुटली, सगळं त्याच्या वहीत असतं. उभं राहायचं तर अशाच माणसाने राहायला हवं.

दिवाळीनंतर पक्षाचे बाबाजी नावाचे एक गृहस्थ घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "काकी, पोरगा सोन्यासारखा आहे. पण सोन्यासारखे आमच्याकडे वॉर्डात सहा आहेत. खर्च किती करणार ते बोला." मग भिंतींकडे बघत विचारलं, "ही रूम आता केवढ्याला जाते?" बिस्किटं खाऊन गेले. पुढची मीटिंग काशीमीऱ्याच्या हॉटेलात झाली. तिथून नीरज घरी आला तो कागद घेऊनच.

"आई, विकायची नाहीये. फक्त गहाण ठेवतोय. निवडून आलो की दोन वर्षांत सोडवतो."

"कशातून सोडवणार?" मी विचारलं. "नगरसेवकाला मानधन किती मिळतं ते मला माहीत आहे."

त्याने कागदाची घडी घातली. हा मुलगा खोटं बोलत नाही. मला उत्तर मिळालं. ज्याने घर गहाण घालून निवडणूक लढवली, तो आधी घर सोडवणार आणि मग पाण्याचं बघणार. मी सही केली नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. भाजीला मीठ कमी असलं तरी तो क्षितिजाला सांगतो आणि ती मला सांगते.

३. "तुला राजकारणातलं काय कळतं" असं नीरज त्या दिवशी म्हणाला. हे कलम त्यासाठी आहे.

सॉलिसिटरांचं ऑफिस बंद झाल्यावर २००४ साली मी इथेच स्टेशनजवळच्या एका डेटा एन्ट्रीच्या कंपनीत लागले. काम अमेरिकेचं. तिकडे निवडणुकीत कोणी कोणाला पैसे दिले ते सरकारला कळवावं लागतं. त्या कागदांचे फोटो आमच्याकडे यायचे आणि आम्ही ते टाइप करायचो. नाव, पत्ता, व्यवसाय, तारीख, रक्कम. तिकडे रात्र असायची तेव्हा आमची दिवसपाळी चालायची. अमेरिकेचा अध्यक्ष कसा निवडतात हे मला अजून नीट सांगता येणार नाही. पण कोणाच्या पैशावर निवडतात हे मी पंधरा वर्षं याच बोटांनी टाइप केलंय.

नियम दोनच. पहिला: जे दिसतं तेच टाइप करायचं, सुधारायचं नाही. दुसरा: एकच पान दोन बायकांनी वेगवेगळं टाइप करायचं. कॉम्प्युटर दोन्ही ताडून बघणार. जुळलं तर बरोबर, नाही जुळलं तर सुपरवायझर बघणार. माझ्या पानांची दुसरी बाई उत्तनची डॉरिस. ती भिंतीकडे, मी खिडकीकडे. मध्ये बारा टेबलं.

सुरुवातीला सगळ्या रकमा एकाच रुंदीच्या रकान्यात बसायच्या. मग तिकडच्या मोठ्या कोर्टाने २०१० मध्ये निवडणुकीतल्या पैशावरची मर्यादा उठवणारा काहीतरी निकाल दिला आणि आमच्या सॉफ्टवेअरमधला रकाना वाढवावा लागला. एका माणसाची एक ओळ, आणि शून्यं मोजायला पेन्सिल लावावी लागायची. व्यवसाय: गुंतवणूकदार. पुढे देणाऱ्याच्या नावातून माणसंही गेली आणि नुसत्या समित्या आल्या. देशाचं भलं, उद्याची पहाट असली नावं. एकदा मी चौदा समित्या टाइप केल्या आणि चौदांचा पत्ता एकच, पोस्टाची एकच पेटी. मी सुपरवायझर बंटी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, अपने को क्या? दिखता है वो टाइप करो." त्या चौदा समित्यांच्या मागे कोण होतं हे मला मरेपर्यंत कळणार नाही, याचा मला अजून राग आहे. पैसा बोलत होता आणि तोंड दिसत नव्हतं.

४. श्रीमती लोरेन हॅडली, ओहायो, यांना मी काही ठेवू शकत नाही, पण त्यांचं नाव या कागदात यायला हवं.

ही बाई माझ्या पानांवर अकरा वर्षं येत होती. पहिल्यांदा आली तेव्हा व्यवसायापुढे शाळेतली स्वयंपाकीण असं होतं. वर्षातून दोनदा पंचवीस डॉलर. मग व्यवसाय बदलला: निवृत्त. मग पत्ता बदलला, घर नंबर जाऊन खोली नंबर आला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या आश्रमात गेली असणार. पगार थांबला, घर गेलं, आणि पैसे मात्र वाढत गेले. दर महिन्याला पंचवीस, मग दर आठवड्याला. एकाच उमेदवाराला. आम्ही दोघी डबा खाताना बोलायचो. डॉरिस म्हणायची, "लोरेन अजून हाय गं. काल आली."

मला तिची चीड यायची. त्या चौदा समित्यांसमोर हिचे पंचवीस डॉलर काय करणार होते? त्यांचा आकडा रकान्यात मावत नव्हता. तिने स्वेटर घ्यायचा होता.

५. सोन्याच्या चारही बांगड्या डॉरिस डॉमनिक घोन्साल्विस, राहणार उत्तन, हिला द्याव्यात. नीरजला आणि क्षितिजाला याचं कारण माहीत नाही.

२०१८ मध्ये एका पानावर लोरेन हॅडली एकाखाली एक चार वेळा आली. तारीख एक, रक्कम एक, चार ओळी. मला वाटलं छापताना घोळ झाला. म्हाताऱ्या बाईच्या नावावर उगाच चार कशाला, म्हणून मी एक ओळ ठेवली आणि तीन गाळल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी दिसतं ते टाइप केलं नाही. आणि बारा टेबलं पलीकडे, त्याच पानावर, डॉरिसने तेच केलं. कॉम्प्युटरने ताडून बघितलं. दोन्ही जुळलं, म्हणजे बरोबर.

महिन्याभराने तिकडून पत्र आलं की पानाखालची बेरीज जुळत नाही. बंटी सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "दो लोग एक जैसी गलती कर ही नहीं सकते. किसने किसका देखा?" कोणी कोणाचं बघितलं नव्हतं. पण हे सांगणार कोणाला? आम्हाला दोघींना त्या बाईची दया आली, याला रकाना नव्हता.

तेव्हा आमचे हे डायलिसिसवर होते, आठवड्यातून दोनदा. मी तोंड उघडायच्या आत डॉरिस म्हणाली, "मीच बघितलं तिचं." त्याच दिवशी तिला काढलं. मी खाली मान घालून बसले. बोलायला हवं होतं, बोलले नाही. जिन्यात ती मला म्हणाली, "तुझ्या घरात आजारपन हाय. माझा नवरा दर्यावर जातो, आमचं चालंल. तू कायबी बोलू नको." मी पुढे वर्षभर तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर टाइप करत राहिले. हे गेले, आणि त्या महिन्यात मी नोकरी सोडली. बांगड्यांनी याची भरपाई होत नाही. तिने नाही म्हटलं तरी तिच्या हातात घालून याव्यात.

६. टाइपरायटर भंगारात द्यावा. कंपनी सोडताना मागून आणलेला कीबोर्ड देऊ नये. त्याची शून्याची कळ पार झिजलीय. तो नीरजला द्यावा. आईला राजकारणातलं काय कळत होतं, असं तो पुन्हा विचारायला लागला, तर त्याने त्या कळीवर बोट ठेवून बघावं.

७. माझ्या मृत्यूचा फ्लेक्स नाक्यावर लावायचा नाही. वर माझा पासपोर्ट साइज फोटो आणि खाली हात जोडलेले अकरा भावी नगरसेवक, हे मला चालणार नाही. बाबाजी भेटायला आले तर चहा द्यावा, बिस्किटं देऊ नयेत.

८. पोस्टातल्या ठेवीतून माझा शेवटचा खर्च करावा. उरेल ते नीरजचं. ते त्याने कशावरही खर्च करावं, त्याला माझी ना नाही. त्यात निवडणूक लढवता येत नाही, हे मी बघून घेतलंय.

९. एक्झिक्युटर म्हणून डॉरिसलाच नेमते. बांगड्यांची बाब तेवढी यतीनभाईंनी बघावी, नाहीतर ती स्वतःचं नाव गाळेल.

१०. हे शेवटचं कलम कालपर्यंत या मृत्युपत्रात नव्हतं.

मी सही केली नाही, तेव्हा नीरजने बाबाजींना नकार कळवला. तिकीट दुसऱ्याला जाणार. हा आता अपक्ष उभा राहतोय. क्षितिजाने लिफ्टजवळ एक कागद लावलाय, मोबाइलवरून पैसे पाठवायचा चौकोन आणि खाली, "पाण्यासाठी एकावन्न रुपये. प्रत्येकाचं नाव वहीत लिहिलं जाईल." ते बघून मी कपाळाला हात लावला. समोरचा रोज दोनशे पोरांना बिर्याणी घालणार आणि हा एकावन्न रुपये गोळा करणार.

काल सकाळी कोथिंबीर आणायला खाली गेले. कागदासमोर थांबले आणि एकावन्न पाठवले. वर आले. खिडकीतून नीरज टाकीवर चढताना दिसला, शिडी यतीनभाईंनी धरलेली. कचरा द्यायला पुन्हा खाली गेले, पुन्हा एकावन्न. दुपारी रक्तदाबाची गोळी आणायची म्हणून गेले. गोळ्या घरात होत्या. चौथ्यांदा काहीच कारण नव्हतं. वॉचमन ईश्वर म्हणाला, "माताजी, आज बहुत चक्कर?" मी लिफ्टचं बटण दाबलं.

संध्याकाळी क्षितिजा वही घेऊन आली. "आई, तुमचे चार आलेत. एकाच दिवशी, तेवढीच रक्कम. चुकून दाबलं गेलं असेल. एक ठेवते, तीन परत पाठवते."

मी "बघू" म्हटलं. नीरज तिथेच मोज्याचा दुसरा पाय शोधत होता. त्याच्यासमोर मला बोलता आलं नाही.

लोरेन हॅडलीने चारदा दिले, की तिच्याकडून कोणी फसवून चारदा काढून घेतले, हे मला कधीच कळणार नाही. पण मी तिला वेड्यात काढलं आणि तिच्या तीन ओळी दया दाखवून पुसल्या. माझ्याकडून कोणी काढून घेतले नाहीत. नीरज हरेल हे मला माहीत आहे. घर मिळणार नाही, त्यात बदल नाही.

तरी माझी सूचना अशी, आणि ती माझ्या मरणापर्यंत थांबू नये म्हणून या कलमाची एक प्रत आजच क्षितिजाच्या वहीत ठेवते: तीन परत करू नयेत. वहीत माझं नाव चार ओळींत चार वेळा लिहावं, आणि ते नीरजने स्वतःच्या हाताने लिहावं. दिसतं तेच लिहायचं, सुधारायचं नाही. मी चार वेळा खाली गेले होते.

सही: वासंती पंढरीनाथ नाचणकर

मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर, सगळं स्वतः मोठ्याने वाचून, सही केली. या कागदाने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: यतीन संघवी, सेक्रेटरी, याच इमारतीत, सदनिका १०२
साक्षीदार २: नीलम राऊळ, याच इमारतीत, सदनिका ३०३

ठिकाण: बेव्हर्ली पार्क, मीरा रोड पूर्व
दिनांक: रविवार, ७ डिसेंबर २०२५