मठात बसून खाल्लेली भाकर

दादा, परवा मी मठात जाऊन आले. मी नोकरीला आहे त्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक सर आहेत, त्यांनी मुलांची सहल काढली आणि मुलींसोबत कुणी बाई हवी म्हणून मला ओढलं. जागेचं नाव त्यांनी पुस्तकातलं सांगितलं होतं. आपण त्याला नुसतं मठ म्हणायचो, त्यामुळं गाडी सोनईच्या पुढं जाऊन आपल्या फाट्याला वळेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाशच पडला नाही. मग उसाच्या वर मठाचा तो काळा दगड दिसला. मठ तसाच आहे. अर्ध्या भागाला छत नाही, ओवऱ्यांत गवत माजलंय, बाहेरची भिंत अजून थोडी ढासळलीय. मधल्या दालनाचे खांब तेवढे उभे आहेत आणि त्यांच्यामधला दगडी ओटाही आहे. मुलं मोबाईलवर फोटो काढत होती. मी त्या ओट्याकडं बघत उभी राहिले.

तेव्हा मी सातवीत असेन. तुम्ही सुप्याच्या कारखान्यात लागला होता आणि आपण तिथंच एका खोलीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी सकाळीच तुम्ही म्हणालात, चल, गावाला जाऊ. आईनं भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून दिला. मला वाटलं, आजीकडं, तुमच्या आईकडं चाललोय. पण फाट्यावर एसटीतून उतरल्यावर तुम्ही वस्तीकडं न वळता मठाची वाट धरलीत आणि चालता चालता सांगायला लागलात. तुमच्या लहानपणी मठात वर्षाला भंडारा व्हायचा. त्याच्या स्वैपाकाचं सरपण आपल्या लोकांनी फोडून द्यायचं, आणि सगळा गाव जेवून उठला की आपल्या लोकांनी बाहेरच्या भिंतीखाली रांगेत बसायचं. वाढणारे भिंतीवर उभं राहून वरून आमटी ओतायचे. तुम्ही स्वतः परात धरलेली होती. एकदा आमटी हातावर सांडली, पण परात सोडली तर मार बसेल म्हणून तुम्ही ती सोडली नाहीत. पुढं वस्तीनं दीक्षा घेतली आणि सरपण बंद केलं, जेवण बंद केलं, मठाकडं जाणंही बंद केलं. तो आपला देव नाही, मग जायचं कशाला, असं मोठ्या माणसांनी ठरवलं. तुम्हाला हे शेवटचं कधीच पटलं नव्हतं. आपण जातच नाही म्हटल्यावर त्यांना अडवायची गरजच उरली नाही, असं तुम्ही म्हणालात.

आपण आत गेलो. एका कोपऱ्यात समाधी होती, तिच्यावर वाळलेली फुलं होती. तुम्ही तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ ओट्यावर जाऊन बसलात, मला शेजारी बसवलंत आणि फडकं सोडलं. दोन घास होतात न होतात तोच दारात एक म्हातारा येऊन उभा राहतो. मठाला लागून त्यांचा ऊस. आजी त्यांच्याच कांद्यात रोजानं जायची. आवाज चढवत नाहीत, शिवी देत नाहीत. चांगल्या शब्दांत सांगतात.

"पोरीला घिऊन बाहेर बसा. चिचंखाली सावली हाय."

तुम्ही घास गिळता आणि म्हणता, "सावली आतबी हाय, नाना."

"तुमी तर धरम बदलला. मग हितं काय काम काढलं?"

"जेवायचं काम हाय. झालं की उठतो. एक भाकर जास्तीची हाय, तुमीबी बसा."

ते बसले नाहीत. पण गेलेही नाहीत. दारात तसेच उभे, आणि मी न चावता घास ढकलत होते. तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, सावकाश खा, घाई नाही. मग कांदा फोडून अर्धा मला दिलात. शेवटी म्हातारा खाकरून निघून गेला. तुम्ही फडकं झटकलंत, घडी केलीत आणि खिशात घातलीत.

त्याच संध्याकाळी आपण आजीकडं असतानाच तिला निरोप आला, उद्यापासून कांद्यात येऊ नको. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. आपल्यातल्याच कुणीतरी तुम्हाला मठात शिरताना लांबून पाहिलं होतं, आणि अंधार पडायच्या आत वस्तीभर झालं की याला एकच पोरगी, म्हणून पोरासाठी नवस बोलायला हा समाधीला गेला. दीक्षा घेतलेल्या माणसानं पुन्हा जुन्या देवाला हात जोडले, याहून मोठा गुन्हा आपल्यात नव्हता. विहारात बोलावणं आलं. मी आजीच्या पदराआड बसले होते. गाव म्हणत होतं यानं मठ बाटवला, आणि आपले लोक म्हणत होते मठानं याला बाटवलं. मला आज हसू येतं, पण त्या दिवशी तुम्ही तिथं एकटे उभे होता आणि एकही माणूस तुमच्या बाजूचा नव्हता.

"म्या डोकं टेकलं न्हाई," तुम्ही म्हणालात. "भाकर खाल्ली."

कुणाला काही कळलं नाही. एकानं विचारलं, भाकर काय घरी मिळत नव्हती का, आणि सगळे हसले. घरी आल्यावर आजी हसली नाही. "तुजी भाकर झाली, माजा रोज गेला," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. सुप्याला चल म्हणालात, तर ती आली नाही. आणि तुम्ही? पुढच्या महिन्यात पुन्हा गेलात. अंथरुणाला खिळेपर्यंत जात राहिलात, दर वेळी भाकर बांधून.

यावरून मी तुमच्याशी मनातल्या मनात फार भांडलेय, दादा. तुमच्या ताठ मानेची किंमत त्या बाईनं दुसऱ्यांच्या रानात, दोन कोस लांब खुरपून मोजली. हे मी आजही तोंडावर म्हणेन. पण तुम्ही चुकलात असं मात्र मी म्हणणार नाही, कुणाला म्हणूही देणार नाही.

परवा सर मुलांना सांगत होते की हा मठ मध्ययुगातला, आणि इथले साधू दारोदार भिक्षा मागताना जात विचारत नसत. सगळ्यांच्या घरचं अन्न एकत्र करून याच दालनात एका पंगतीला जेवत. मी त्यांना तिथंच सांगितलं होतं ते वरून वाढणं वगैरे पुढच्या काळातलं. एक मुलगी म्हणाली, किती छान ना. सर माझ्याकडं बघून हसले, जणू मला काही भेट देत होते. आणि मला संताप आला. म्हणजे आता इतक्या वर्षांनी आम्हाला परवानगी सापडली का? त्या साधूंनी हो म्हटलं म्हणून तुमचं बसणं बरोबर ठरतं, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर? तुम्ही आत गेलात ते कुणाला विचारून गेला नव्हता. ते साधू भले असतील, त्यांना माझा मान. पण तुमच्या भाकरीवर त्यांचा शिक्का मी मारून घेणार नाही. सरांना मी हे सगळं बोलले. गाडीत परतताना ते माझ्याशी जरा जपूनच वागत होते.

तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगते. तुम्ही गेल्यावर तुमचा जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी आजीनं स्वतः भाकर थापली, फडक्यात बांधली आणि मला म्हणाली, चल. सगळ्या वस्तीच्या डोळ्यांदेखत ती मठाच्या वाटेनं निघाली. कुणी हसलं नाही. ओट्यावर तिला चढता येईना, मी हात दिला. तो म्हातारा बांधावरून येत होता, तिला आत बसलेली बघून थांबला. आजीनं त्याच्याकडं पाहिलं, पदरही सावरला नाही, आणि भाकर मोडली. तो खाली मान घालून पुढं गेला. तिनं अख्खी भाकर संपवली.

"घरच्यावानीच लागती," ती म्हणाली. "एवढंच हुतं व्हय त्याचं." आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली.

परवा मुलं बाहेर जेवायला बसली तेव्हा मी माझा डबा घेऊन आत गेले. ओट्यावर बसले आणि एकटीनं पोटभर जेवले. मला अडवायला तिथं कुणीही नव्हतं, अडवलं असतं तर मी त्याची गय केली नसती. तरी खरं सांगू का, दादा? झाकण काढण्याआधी मी एकदा दाराकडं बघितलं.