काठी, रीळ आणि मागच्या अंगणातला नळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तसे नाही असे म्हणणारा एकच माणूस आहे, तो माझा मुलगा, आणि तोही हे माझ्या मासेमारीपुरतेच म्हणतो. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांची मुदत सांगितली आहे. एकतीस वर्षे मी दुकानदारांना मुदती देत आले, त्यामुळे मला त्यात वावगे वाटत नाही.

गेल्या महिन्यात केलेले मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात मी हे घर माझ्या नणंदेला (यापुढे 'वन्सं') तहहयात राहण्यासाठी दिले होते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला ते मिळत नाही, असे वकिलांनी समजावून सांगितले. नेमक्या त्याच वेळी वन्सं पाण्याचे पेले घेऊन खोलीत आल्या होत्या. पहिली सही शेजारच्या दंतवैद्यांनी केली. दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे औषधदुकानदार, गिऱ्हाइकांच्या गर्दीमुळे येऊ शकले नाहीत आणि कागद टेबलावरच राहिले. दुसऱ्या दिवशी पाहते तो दुसऱ्या रकान्यात वन्संची सही, सुवाच्य अक्षरात. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. व्यवसायाच्या जागी त्यांनी 'घरचीच' असे लिहिले होते.

"वन्सं, हे काय केलंत?"

"मला नको घर, वहिनी. भाच्याचं तोंड वाकडं होईल. तुमच्या माघारी मी त्याच्या डोळ्यांत खुपायला नको."

"मग राहणार कुठे?"

"बघू की. मला काय लागतं? एक खोली आणि एक खिडकी."

ती खोली कोणाच्या घरातली, हे त्यांनी सांगितले नाही. वकिलांनी नवे कागद करायला सांगितले. ते हे.

कलम १. बँकेत जे आहे ते मुलाला. सुनेने मला कधी उलट उत्तर दिले नाही, म्हणून पितळी वजनांची मखमली पेटी सुनेला. पेटीत शंभर ग्रॅमचे वजन नाही. ते मासेमारीच्या पिशवीत आहे आणि तिथेच राहील.

कलम २. मुलगा मागच्या खेपेला आला तेव्हा मी झोपले आहे असे समजून त्याने बैठकीची खोली मोजली. टेप ढिला धरला होता, त्यामुळे त्याचे माप चार इंचांनी चुकले आहे. मुलगा वाईट नाही. आत्यासाठी त्याने बाग असलेली, वृद्धांची एक चांगली जागा पाहून ठेवली आहे आणि तिचे चित्रमय पत्रक माझ्या उशाशी ठेवले आहे. ते पत्रक मी वाचले. घराचा निकाल कलम ६ मध्ये.

कलम ३. निवृत्तीनंतर मी किनाऱ्यावरून गळ टाकायला लागले. समुद्राच्या रस्त्यावर गळांचे दुकान आहे, त्याच्या मालकाने मला पहिल्याच दिवशी चौदा फुटी काठी विकली. म्हणाला, "मॅडम, समुद्र मोठा, तर काठी मोठी नको?" मला हे पटले. नाकापेक्षा मोती जड झाला. काठी पेलताना माझा खांदा दोनदा उतरला, पण मी हार मानली नाही. मोजमाप हेच माझे काम असल्याने मी लांब फेकण्यालाच मासेमारी समजत होते. वाळूवर टेप अंथरून मी फेकी मोजायची आणि वहीत लिहायची. सर्वांत लांब फेक चौऱ्याहत्तर मीटर. पहिल्या दोन वर्षांत मासा एकही नाही, पण तेवढी वही निर्दोष आहे.

याच दुकानदाराची 'शंभर ग्रॅम' छापलेली शिशाची वजने एक्क्याण्णव ग्रॅम भरतात. निवृत्त असल्यामुळे मला त्याला दंड करता आला नाही, म्हणून मी दर महिन्याला जाऊन त्याला तोंडी सांगत असे. मरताना सगळ्यांना माफ करावे म्हणतात. त्याला केलेले नाही.

कलम ४. मासेमारीचे सर्व साहित्य वन्संना. त्यांनी आजवर काठी हातात धरलेली नाही, म्हणून सूचना देत आहे.

चौदा फुटी काठीला हात लावू नये. तिच्यावर पडदा लावावा. नवशिक्याला दहा फुटांची, मध्यम ताकदीची काठी पुरते. दुकानात ती उचलून पाच मिनिटे नुसते उभे राहावे, खांदा बोलू लागला की ठेवून द्यावी. माझे रीळ चांगले आहे, खाऱ्या पाण्याला टिकते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीकच बरा, जाड तंगुसाला लाटा ओढून नेतात. मात्र शिशाच्या बाजूला काठीच्या दुपटीहून थोडा लांब असा जाड तंगूस जोडावा, नाहीतर फेकताना झटक्याने तुटून शिसे कोणाच्या तरी डोक्यात जाते. शिसे निमुळत्या टोकाचे, वाळूत रुतणारे घ्यावे. गोल शिसे घरंगळत किनाऱ्याला परत येते. शिसे घेताना पिशवीतले वजन सोबत न्यावे आणि दुकानदारासमोर तोलावे. गळ लहान घ्यावा, कारण लहान गळाला मोठा मासाही लागतो, मोठ्या गळाला लहान लागत नाही. आमिषाला ताजी कोळंबी.

भरती पुरी होण्याआधीचे दोन तास चांगले. गेल्या गेल्या फेकू नये, आधी पाणी पाहावे. जिथे लाट फुटून पांढरी होते तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो. त्याच्या अलीकडे गडद, जरा शांत पट्टा दिसतो, तो चर. मासे चरातून फिरतात. फेकण्याआधी मागे कोणी नाही ना ते बघावे. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. समुद्राकडे पाठ करू नये, मी एकदा केली आणि चष्मा गेला. वीतभर मासा असेल तर सोडून द्यावा.

कलम ५. चर काठापासून किती लांब असतो, हे मी वर मुद्दाम लिहिले नाही. तो बहुतेक वेळा वीस पावलांवर असतो. हे मला वन्संनी सांगितले.

अकरा वर्षांपूर्वी एकदा मी थर्मास घरी विसरले. वन्सं तो घेऊन वाळूत आल्या. मी नेहमीप्रमाणे क्षितिजाच्या दिशेने फेकत होते. त्या थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो वहिनी, इथे पायाशी काय चमचमतंय ते बघा तरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" शेजारी दोन अनोळखी माणसे गळ टाकून उभी होती, ती हसली. मी म्हणाले, "ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये. तुम्ही आपल्या घरी बसा."

त्यांनी थर्मास पडू नये म्हणून वाळूत नीट फिरवून रोवला आणि निघून गेल्या. त्या पायऱ्या चढून दिसेनाशा झाल्यावर मी वीस पावलांवर गळ टाकला. दहा मिनिटांत मासा लागला, माझा पहिला. घरी आल्यावर वन्संनी कौतुकाने विचारले, "कुठे मिळाला हो?"

मी म्हणाले, "लांब. चौऱ्याहत्तर मीटरवर."

वहीतही तेच लिहिले. नोकरीच्या एकतीस वर्षांत मी एकही खोटे माप लिहिले नाही. आयुष्यात लिहिलेले हे एकच, आणि ते घरच्या माणसाला फसवण्यासाठी लिहिले. त्यानंतरचे सगळे मासे मी वीस पावलांवरच धरले. वन्सं पुन्हा कधी वाळूवर आल्या नाहीत. मी परत यायच्या वेळी त्या खिडकीत असत, मी फाटक उघडले की मागच्या अंगणातला नळ सुरू होई, आणि माझ्या हातातले रीळ घेऊन त्या मुकाट्याने धुवायला बसत. अकरा वर्षे. मी एकदाही 'चला' म्हणाले नाही. याची मला लाज वाटते, आणि ती मी इथे नोंदवून ठेवत आहे.

कलम ६. घर. खाऱ्या पाण्यातून आलेले रीळ दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे लागते. जोराची धार चालत नाही, तिने मीठ आत शिरते. आमच्या मागच्या अंगणातला नळ या कामाला उत्तम आहे, कारण त्याला आजवर कधी जोर आलेला नाही. मुलाने पाहिलेल्या जागेत अंगणात नळ नाही, मी फोन करून विचारले. सबब, हे साहित्य याच घरात राहील, ते धुवायचे काम वन्संनी करायचे आहे, आणि त्यासाठी त्यांनी तहहयात इथेच राहायचे आहे. हा उपकार नाही, कामगिरी आहे, आणि ती करायला दुसरे कोणी नाही. त्यांच्यानंतर घर मुलाचे.

मुलाला एवढेच सांगणे: तू लहान असताना तापाने फणफणलास की मी दौऱ्यावर असायची. तुझ्या उशाशी कोण बसायचे ते आठव. ते आठवले की मग काय मोजायचे ते मोज, पण टेप ताणून धर.

वन्सं, तुम्हाला या वयात पिशवी भरून कोणाच्या दारात जावे लागेल या विचाराने मला झोप लागत नाही. मरणाने इतकी उडत नाही.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो बरोबर आहे, आणि मी शुद्धीवर असताना दोन्ही साक्षीदारांसमोर त्याखाली सही केली आहे. या वेळी साक्षीदार एकाच वेळी बोलावले होते.

सही: (लिहिणारी)
साक्षीदार पहिले: शेजारचे दंतवैद्य (सही)
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषधदुकानदार (सही, दुकान बंद ठेवून आले)
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, माझ्या निवृत्तीचे चौदावे वर्ष, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे

ता. क. हा मजकूर सह्यांनंतरचा आहे. याला कायद्याने किंमत नाही.

सह्या होईपर्यंत वन्सं घरात नकोत म्हणून मी त्यांना गळांच्या दुकानात पाठवले होते. सुनेला भेट द्यायची आहे, नवशिक्या बाईला झेपेल अशी काठी आणा, एवढेच सांगितले होते. यातला एकही कागद त्यांनी वाचलेला नव्हता. त्या बाराच्या सुमारास आल्या. काठी दहा फुटांची, मध्यम ताकदीची.

"तो चौदा फुटी गळ्यात मारत होता. मी म्हटलं, मासे जवळच असतात, जवळची दाखव."

शिसे त्यांनी तिथेच तोलून घेतले होते. पिशवीतले शंभराचे वजन त्या मला न विचारता घेऊन गेल्या होत्या. शिवाय काठी वाळूत उभी करायच्या नळ्या आणल्या होत्या. दोन.

"दोन कशाला?"

"एक तुमच्या काठीला."

"सुनेबरोबर मी कुठे जाणार आहे?"

"सुनेचं सोडा. ती भेट कुणासाठी आहे ते न कळण्याइतकी मी खुळी नाही."

मग मी त्यांना कागद दिले. कलम ५ त्यांनी दोनदा वाचले. कलम ६ वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितले. साक्षीदारांचे दोन्ही रकाने भरलेले मी त्यांना दाखवले. त्यांनी कागद नीट जुळवून ठेवले. नंतर पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर मीटर खोटं आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. पायऱ्यांच्या वर थांबून मी बघत होते."

मी विचारले, "मग बोलला का नाहीत?"

"बोलू नये म्हणाला होतात ना."

उद्या दुपारी तीनला भरती आहे. रिक्षा सांगितली आहे. मला उभे राहवणार नाही, म्हणून एक घडीची खुर्ची न्यायची ठरले. वन्संनी विचारले, "वहिनी, तिथे मी बोलले तर चालेल ना?"

चालेल.