गुडघ्याला लागलंच नव्हतं

पिंपळवंडी

तीर्थरूप मोहिनीताईस,

धाकट्या प्रतिभाचा सविनय जयभीम. दाजींचा खोकला कमी झाला का? रुपेश आणि सूनबाई तेजस्विनी बरे असतील. तू कशी आहेस तेही कळव (नुसतं ‘बरंय’ लिहू नकोस). घरात फोन असताना पत्र का, तर तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि शेजारच्या कुशाबाई मधूनच ‘हो का गं’ म्हणतात. हे पत्र दार लावून वाच आणि चुलीत घाल.

मागच्या महिन्यात माझा गुडघा सुजलाय असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. अंगणवाडीच्या गेटची किल्ली मदतनीस धोंडाबाईंच्या कमरेला, आणि धोंडाबाई गेलेल्या आळेफाट्याला. बाहेर मी, आत खिचडीचं सामान, आणि पोरं यायची वेळ झालेली. मी आपली सत्तेचाळीस वर्षं विसरून साडी खोचली, गेटवर चढून एक पाय पलीकडे टाकला, तेवढ्यात दुसऱ्या पायाची चप्पल सटकली आणि वरच्या लोखंडी दांडीवर घोड्यावर बसल्यासारखी आदळले. कुठे लागलं ते तूच समज. (बघायला एक शेळी तेवढी होती. तिनेसुद्धा चघळायचं थांबवलं.)

घरी गेले तर सासूबाईंनी विचारलं, “लंगडतीस का गं?” तोंडातून निघून गेलं, “गुडघा.” झालं! सासूबाईंनी विटेचा तुकडा तापवून गुडघा शेकला. ह्यांनी गॅरेजवरून येताना कसलंसं तेल आणलं आणि इतक्या मायेने चोळलं, की मला रडू फुटलं. मी दुखतंय म्हणून रडते असं वाटून त्यांनी आणखी जोर लावला. सकाळी त्या धडधाकट गुडघ्याला भाजून फोड आलेला, म्हणजे माझं खोटं निम्मं खरं झालं. आणि जिथे खरोखर लागलं होतं, तिथे मी मोरीला कडी लावून हळद दाबली. ताई, त्या आगीचं काय सांगू! रक्त थांबेना, म्हणून जुन्या साडीच्या घड्या बदलत राहिले. लघवीला झोंबतं म्हणून पाणी प्यायचं सोडलं. आणि हे करणारी मी कोण, तर अठरा वर्षं बायकांपुढे तक्ता धरून ‘लाजू नका, बोला’ म्हणणारी अंगणवाडीची बाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी लघवी होईचना. सूज लहान वांग्याएवढी. नळ सोडून बसले, पण थेंब नाही. पोट दगडासारखं झालं. तोंडात पदर कोंबून रडत होते, तर बाहेरून सासूबाईंचा आवाज, “गुडघा दुखतोय तर मोरीत काय करतीस तासभर? कडी काड.” काढली. सगळं सांगितलं. त्या तिथेच ओल्यात बसल्या. “मला सांगायचं न्हाई, तर कुणाला सांगायचं व्हतं?” एवढंच म्हणाल्या आणि ह्यांना फोन लावला, “समाधान, गाडी घिऊन ये. का ते इचारू नगंस.”

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुझ्या तेजस्विनीच्या वयाच्या. त्यांनी नळी घालून लघवी काढली, साकळलेलं रक्त काढलं, तीन टाके घातले. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “काकू, नुसतं खरचटलं असतं, थोडा मुका मार असता, तर घरीच बरं झालं असतं. साध्या पाण्याने धुवायचं, स्वच्छ कपडा दाबून धरायचा, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ ठेवायचा, सैल सुती कपडे घालायचे. हळद नाही, काही नाही. पण दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबेना, सूज वाढायला लागली, लघवी अडली किंवा लाल झाली, तर तसंच उठून यायचं. तुम्ही कालपासून कशाची वाट बघत होतात?”

 दवाखान्यातल्या खाटेवर चार दिवस मला आपली आई दिसत होती. पाळी जाऊन आठ वर्षं झालेली, तरी तिला अंगावरून जायचं, आणि विचारलं की म्हणायची, कंबर धरलीय. तिची लुगडी आपण दोघीच धुवायचो. डाग मला दिसत होते. तुलाही दिसत होते ना? धुणं घेऊन परत येताना आपण गावभरच्या गप्पा मारायचो आणि आईचं नावसुद्धा काढायचो नाही. शेवटी नेलं, तेव्हा डॉक्टरांनी फक्त किती दिवस राहिलेत ते सांगितलं. चौदा वर्षं झाली. हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी लिहितेय.

आता मी बरी आहे, कामावर जाते. सासूबाईंचा आणि ह्यांचा तुम्हा सगळ्यांना जयभीम.

तुझी,
प्रतिभा

ता. क. टाके केव्हाच विरघळले. गुडघ्याचा फोड मात्र अजून भरतोय.

आणखी ता. क. एवढं लांबण लावलं ते ज्यासाठी, ते आता लिहिते. तेजस्विनीचा मला फोन आला होता. चार महिने तुला अंगावरून जातंय, आणि तू तिला ‘उष्णता झालीय’ म्हणून गप्प करतेस. पोरीवर रागावू नकोस, बोलता बोलता रडत होती ती. डॉक्टरीणबाई मंगळवारी असतात. येत्या मंगळवारी सकाळी साडेआठला मी पेठच्या एसटी थांब्यावर उभी राहीन. आली नाहीस तर सरळ घरी येईन आणि दाजींसमोर, भर ओसरीवर, मोठ्याने विचारीन. तशी वेळ माझ्यावर आणू नकोस, ताई. मला दुसरी बहीण नाही.