आकडा वाढवला नाही

१२ नोव्हेंबर, साकोली

शाळेची वेबसाइट आज सुरू झाली. सकाळीच निलेशच्या संगणकाच्या दुकानात जाऊन बसलो. वर्गात चालीवर बाक वाजवणारा हा पोरगा. आता संगणकावर बोटं तशीच वाजवतो. ‘कवितेचं पान’ आम्हां दोघांचं. जुन्या हस्तलिखितांतल्या मुलांच्या कविता मी एका स्क्रिप्ट फाइलमध्ये टंकल्या, पानावर त्या एकेक उलगडतात. पहिली मात्र माझी. निलेशचा हट्ट. “सर, तुमी आमाले म्हणून दाखवत होते ना, बोडीची! तेच वर पाहिजे.”

बोडीत उतरले आभाळ सारे,
शिंगाडवेलीत अडकले तारे...

शाळेजवळच्या तळ्यावरची ही कविता कधी कुठं छापून आली नव्हती. डोळे भरले. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

१५ नोव्हें.

दोन चुका दुरुस्त केल्या, तरी घरी जुन्याच दिसतात. निलेशला फोन. हसला. “सर, ब्राउझर फाइल जपून ठेवते. पान उघडलं का तेच काढून देते, नवी आणाले जातच नाही.” उपाय सोपा. पानात फाइलच्या नावामागे एक आकडा असतो. फाइल बदलली की तोही वाढवायचा. सहाचा सात केला; ब्राउझरला वाटलं फाइलच नवी, मुकाट्यानं आणली.

“हे विसरलं त जो रोज येते त्यालेच जुनं दिसते, सर. नव्या माणसाले नवं.”

काम कोणाचंही असो, आकडा वाढवल्याशिवाय निलेश खुर्चीतून उठत नाही. विद्यार्थी असावा तर असा.

२४ नोव्हें.

रोज चहाआधी पान उघडतो. आहे. मग चहा गोड लागतो.

आज मनात आठवीचा वर्ग. खिडकीबाहेर बोडी, आत सगळी पोरं एका चालीत. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे, ओरडायला आलेले. ऐकून परत गेले. तो आवाज आता कुठं असेल...

२८ नोव्हें.

बसस्टँडवर देवाजी भेटला. नाकाडोंगरीचा, शाळेत माझ्याबरोबर पी.टी. शिकवायचा. चारचौघांत म्हणाला, “अबे मास्तर, कविता-कविता करून कान खाल्ले माहे. कुठं हाय तुही कविता? तिथं त अध्यक्ष साहेब हायेत, फोटोसकट!”

म्हटलं, तुला वाचता येतं का?

“मले वाचता येते. तुले दिसते का ते सांग.”

लोक हसले. हाताला धरून घरी आणला, संगणक लावला. पहिलीच कविता, खाली माझं नाव. देवाजीनं पडद्यावर वाकून पाहिलं. मग हळूच आपला मोबाइल माझ्यापुढे धरला.

शिक्षणाची गंगा आली आपल्या दारी,
घेऊ या हो सारे प्रगतीची भरारी.

खाली संस्थाध्यक्षांचं नाव. हिचा फोन मागितला. हिनं पान कधी उघडलंच नव्हतं. त्यातही अध्यक्ष.

देवाजी जाताना चिडवून गेला नाही. ते जास्त लागलं.

२९ नोव्हें.

पानाची आतली बाजू उघडून पाहिली. आकडा सातच. फाइल बदलली, आकडा तसाच. म्हणून माझ्या संगणकाला पत्ता नाही. कविता कधी काढली कोण जाणे. मग इतके दिवस चहाआधी मी काय वाचत होतो?

विसरला असेल.

निलेश? आकडा विसरेल?

३० नोव्हें.

फोन केला. सरळ विचारायचा धीर झाला नाही. “पान ठीक आहे ना रे?”

“तुमाले दिसून राहिली ना सर, तुमची कविता?”

दिसते, म्हटलं.

“मंग झालं त. गिऱ्हाईक आलं सर, ठेवतो.”

मी पानाचं विचारलं होतं. कवितेचं नाव त्यानं काढलं.

फसवलं. अध्यक्षांनी सांगितलं असेल, शाळेचं काम त्याच्या हाती आहे, घरी लेकरंबाळं, सगळं समजतं. पण “सर, तुमची काढावी लागली” एवढं म्हणता आलं नाही? दोन दिवस फुगून बसलो असतो, तिसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानात चहा प्यालो असतो. त्याऐवजी मला माझीच कविता दाखवत राहिला. गावभर मी सांगत फिरलो, उघडून पहा, उघडून पहा...

ही म्हणते, “त्यानं तुमचं मन राखलं, अन् तुमी त्याले चोर करून राहिले.”

मन राखलं की तोंड चुकवलं?

२ डिसें.

फाइल चढवायचा पासवर्ड माझ्याकडे आहे. निलेशनंच दिलेला, विश्वासानं. माझी कविता परत घालता आली असती. टंकलीही. पुसली. पान संस्थेचं आहे.

फक्त साताचा आठ केला. पान उघडलं. अध्यक्ष, फोटोसकट. “भरारी”पाशी चाल अडखळते, हे मात्र खरं.

३ डिसें.

सकाळपासून निलेशचे फोन. उचलले नाहीत. दुपारी मेसेज: “सर, आकडा तुमी वाढवला का?” होय लिहिलं, पाठवलं नाही.

संध्याकाळ. फाटकाशी त्याची गाडी थांबली आहे. खिडकीतून दिसतो. हेल्मेट हातात, कडी काढत नाही, परतही जात नाही.

ही आतून विचारते, “अहो, चहा कितीकांचा मांडू?”