सांध्याचं पोलाद

डॅन्यूबकाठ,
४ ऑक्टोबर १९८८

प्रिय दोब्रिनाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. वार्न्याला आता समुद्रावरून गार वारा सुटला असेल. इथे अजून ऊन आहे. मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या. तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवल्यात.

रालित्साला यंदा तुमच्याकडच्या शाळेत घालावं असं मनात आहे. लेकीचा खोकला जात नाही. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा मानवेल.

मिरच्या भाजत होतो त्या दुपारी वीजकेंद्राकडून वाफेचा गडगडाट झाला. शेजारची त्सोना म्हणाली, "वाफ सोडतायत गं. तू काय अशी पांढरी पडलीस?" मी हसले. माझा स्तोइमेन तेव्हा तिथे नियंत्रणकक्षात पाळीवर होता.

माझं प्रयोगशाळेतलं काम तुला ठाऊक आहे: पोलादाचे तुकडे हातोड्याखाली मोडायचे. हे तुकडे अणुभट्टीत, इंधनाच्या पोलादी भांड्याच्या आतच टांगलेले असतात. भांडं जितका न्यूट्रॉनचा मारा खातं, तितका तेही खातात. आमच्या भांड्याचा एक सांधा जोडताना वापरलेल्या तारेत तांबं आणि फॉस्फरस जास्त होतं. चोख पोलाद हा मारा बरीच वर्षं सोसतं, असलं लवकर ठिसूळ होतं. उन्हाळ्यात मी त्या सांध्याचा तुकडा मोडला. तो वाकला नाही. बशीसारखा फुटला.

तापलेलं असेपर्यंत भांडं चिवट आहे. एकदम गार पाणी पडलं, तर टिकेल की तडकेल सांगता येत नाही. साहेबांना मी लेखी कळवलं. आणि घरी स्तोइमेनलाही बोलून गेले.

मिरच्यांच्या त्या दुपारी एक झडप उघडीच राहिली आणि भट्टीतलं पाणी घटू लागलं. आणीबाणीचं गार पाणी आत सोडायचं ते स्तोइमेनला. तो संध्याकाळी घरी आला, बूट न काढताच बसला.

"सोडलं पाणी," तो म्हणाला. "भांडं टिकलं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो हळूच बाजूला केला.

"माझा हात थांबला होता, नेवेना. तुझा तो तुकडा आठवला. आणखी थोडा थांबलो असतो तर इंधन वितळलं असतं. यापुढे मला काही सांगू नकोस."

ताई, तेव्हापासून मला झोप नाही. न सांगावं, तर तो आंधळा. सांगावं, तर त्याचा हात थांबतो.

आता ते टाकीतलं पाणी कोमट ठेवतात. वसंतात भट्टी बंद करून सांधा तापवणार आहेत, म्हणजे पोलाद पुन्हा चिवट होईल. तोवर हिवाळा आहे, देशाला वीज हवी, भट्टी चालूच राहील.

रालित्साला खोकला नाही. डॉक्टरकडे मी गेलेच नाही. तिला घेऊन जा, एवढंच.

आज सकाळी नवा तुकडा मोडला. आधीच्याहून वाईट. साहेबांनी आकडा वाचला, कागद खणात ठेवला आणि म्हणाले, "वसंतापर्यंत." घरी आले तर स्तोइमेन पाळीवर निघाला होता. दाराशी थांबला, माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी त्याच्या कोटाचं बटण लावून दिलं.

रविवारच्या गाडीने ये. तो घरी असेल. त्याच्यासमोर खोकल्याचंच बोल.

आज दाराशी गप्प राहिलेली,
तुझी नेवेना