अँतोनचा दुबईवाला रेग्युलेटर

२४ सप्टें. ९५, रवि. भाईंदर पूर्व

अँतोन आज उत्तनहून मुद्दाम घरी आला. आठ वर्षं पाणबुड्याच्या कामात माझा जोडीदार, पण सुट्टीच्या दिवशी कधी उंबरा ओलांडला नव्हता. पिशवीतून मऊ फडकं काढलं, फडक्यातून रेग्युलेटर. चुलतभावाने दुबईहून आणलाय. लेकीचं मंगळसूत्र दाखवावं तसा दाखवत होता.

मंगल चहा देताना म्हणाली, "एवढंसं तर आहे. याला एवढे पैसे?"

अँ. हसला. "वैनी, पान्याखाली ह्योच बाप आन ह्योच देव."

किंमत ऐकून डोकं फिरलं. तेवढ्यात स्कूटर येते. टाकीतली हवा तोंडात सोडायची, एवढंच तर काम. माझा जुना बारा वर्षं तेच करतोय.

एवढी महाग वस्तू दिसली की मला वास येतो. कुणीतरी कुणालातरी टोपी घालतंय.

२६ सप्टें., मंगळ

आमच्या कंत्राटदार शेठने गोदामात बोलावलं. जेट्टीच्या खांबांचं काम संपत आलंय. पुढे खोल पाण्यात जहाजांचे तळ साफ करायचं काम धरतोय. म्हणाला, "अँतोन बोलता है, सब के लिए इम्पोर्टेड लेना चाहिए. तुम पुराने आदमी हो. तुम बोलोगे वही करूँगा."

म्हणजे अँ.ने आधीच फिल्डिंग लावलीय. आणि घेतले तर येणार कुणाकडून? चुलतभावाकडूनच ना. घरी येऊन दाखवण्याचं कारण आता कळलं.

२९ सप्टें., शुक्र

अँ.कडून मागून आणला. "उघड, पन जपून," एवढंच म्हणाला.

जमिनीवर पेपर पसरून दोन्ही खोलले. मधोमध पेनने रेघ मारली, डावीकडे माझा, उजवीकडे त्याचा. स्प्रिंग, रबरी पडदा, श्वास बाहेर सोडायची रबरी झडप. याच्यात जे, ते त्याच्यात. चकाकी तेवढी जास्त.

मंगल : "याचं त्याच्यात करू नका."

नाही केलं. परत जोडला, पुसला.

३० सप्टें., शनि

त्याचाच लावून उतरलो. खरं काय ते फक्त इथे लिहितो. टाकी संपत आली की माझा जुना घट्ट होतो, एकेक श्वास ओढून घ्यावा लागतो. हा शेवटपर्यंत हलका. मध्ये तर तोंडात काही आहे हेच विसरलो.

वर आल्यावर अँ.ने विचारलं, "काय, हाय का न्हाय फरक?"

"ठीक आहे," म्हटलं. त्याचा त्याला परत दिला. शेठलाही सांगून आलो, फरक नहीं है.

का सांगितलं? चुलतभावाचं दुकान चालू नये म्हणून. आणि हेवा वाटला म्हणून. दुसरं कारण मोठं आहे.

३ ऑक्टो., मंगळ. दसरा

शेठच्या गोदामात हत्यारांची पूजा. मी या दिवशी विहारात असतो, त्याला ठाऊक आहे. माझी बॅग कुलूप लावून तिथेच ठेवलीय.

विहारात गर्दी छान. पेणकरपाड्याची बहीण जेवायला आली. मंगलने खीर केली होती, दोनदा घेतली.

५ ऑक्टो., गुरु



जेट्टीखाली गढूळ, हातभर दिसत नव्हतं. दोघांमधल्या दोरीला तीन हिसके बसले. चाचपडत गेलो, अँ.ला काखेत धरून वर आणला. म्हणे प्रत्येक श्वासाला हवेबरोबर पाणी येत होतं. खोकून खोकून डोळे लालभडक. फार खोल नव्हतो म्हणून वाचला.

माझ्या मनात पहिलं काय आलं? 'बघ, दुबईवाला!' लिहायलाही लाज वाटते.

बघू म्हणून रेग्यु.कडे हात नेला, तर झटकला.

"हात लावू नको. तूच खोललास. फरक न्हाय म्हून शेठला तूच बोललास. आन आता ह्यो."

फडक्यात गुंडाळून स्वतःच घरी घेऊन गेला.

६ ऑक्टो., शुक्र

काम बंद. दिवसभर ती रेघ डोळ्यासमोर. झडप उजवीकडचीच उचलली ना? पेपर रद्दीत गेला, नाहीतर निदान तेलाचे डाग बघितले असते.

मंगल म्हणाली, "तुम्ही सगळ्या जगावर डाऊट घेता. आता कळलं ना, कसं लागतं ते?"



७ ऑक्टो., शनि

गोदामात गेलो. कॉम्प्रेसरवर झेंडूची माळ सुकलेली, सगळ्या पान्यांवर कुंकवाचे ठिपके. माझ्या बॅगेवर काही नाही. शेठला विचारलं.

"अरे, सब का पूजा किया. अँतोन का तो सब से ऊपर रखा, इम्पोर्टेड है ना. तुम्हारा बॅग में रह गया."

"ऊपर कैसे रखा?"

पाटावर. तोंडात धरायचा भाग वर करून. वरून हळद-कुंकू, मूठभर अक्षता.

म्हणजे एखादा दाणा तोंडातून आत जाऊन झडपेखाली अडकला असणार, त्या फटीतून पाणी. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

८ ऑक्टो., रवि

उत्तनला गेलो. अँ. नुकताच चर्चहून आलेला, इस्त्रीच्या शर्टात. म्हटलं, मी हात लावत नाही, तूच उघड, झडप उचलून बघ. हात मांडीखाली दाबून बसलो.

त्याने उचलली. झडपेच्या कडेला तांदळाचा दाणा. अख्खा, फुगलेला, हळदीने पिवळा.

वाटलं, सुटलो.

अँ. दाण्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"तुला कसा कलला, आतमदी दाना हाय त्यो?"

शेठची पूजा सांगितली. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शेठनी टाकला त्यो तू बघलास?"

नाही बघितलं. मी नव्हतोच.

तेव्हा राहवलं नाही, उरलेलंही सांगून टाकलं. त्या शनिवारी फरक होता, तुझा हलका होता, शेठला मी खोटं सांगितलं. मोकळं वाटेल अशी आशा होती.

अँ. दाणा बोटावर फिरवत राहिला. "खोटा बोललास, मंग दाना पन..."

 चहा आला, तो प्यायलो आणि निघालो.

९ ऑक्टो., सोम

शेठला जाऊन सांगितलं, फरक है, खोल पाण्यासाठी घ्यायलाच पाहिजे.

शेठने चष्म्यावरून बघितलं. "उस दिन नहीं था, आज है? अँतोन ने कुछ दिया क्या?"

घ्या. 

संध्याकाळी शेजारच्या दुकानात अँ.चा फोन आला. उद्या उतरायचंय. एवढंच म्हणाला, "तू माजा घे. मी तुजा घेतो." ठेवला.

भरवसा टाकतोय की पारख करतोय, कळत नाही. नाही म्हणायची सोय नाही.

गोदामातून आणलेला माझा जुना खोलला. झडप उचलून बघितली, स्वच्छ. पुसून जोडला. परत खोलला. मंगल म्हणाली, किती वेळा बघाल, तुमचाच आहे ना?

माझाच आहे. बारा वर्षांत एकदाही असा बघितला नव्हता. आत काही नाही हे मला माहीत आहे. तरी आणखी एकदा खोलतोय.