तळमजल्याचं दार

प्रिय लंबू,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. वीस वर्षं आपण त्या रुग्णालयाच्या लिफ्टांवर एका मशीनरूममध्ये काढली, पण सही सोडली तर माझ्या हातचं काहीच तू कधी पाहिलं नाहीस. एक मागणं आहे. चिडलास तरी शेवटपर्यंत वाच. मला हे लिहायला चार दिवस लागले, आणि उद्या सकाळी अकरा वाजता मला मोठ्या साहेबांच्या खोलीत जायचं आहे. त्याआधी हे तुझ्याकडे पोचायला हवं, म्हणून मेहुण्याच्या हाती पाठवतोय.

तो दिवस तुला सांगायला नको. पण माझ्या बाजूने तो तू कधी ऐकलेला नाहीस. आपली पद्धत ठरलेली होती. पाळी बदलताना तू दिवसभराचं काम रजिस्टरात लिहायचास, मी खिसे चाचपत चष्मा घरी राहिला म्हणायचो, आणि तू वाचून दाखवायचास. शिवाय पेन्सिलने मागच्या पानावर छोटंसं चित्रही काढायचास. ती तुझी हौस आहे असं मला वाटायचं. मला ‘चष्मेबहाद्दर’ म्हणून किती पिडलंस तू. लंबू, मला चष्मा नव्हताच कधी.

त्या दिवशी तुझे वडील घरात पडले म्हणून निरोप आला आणि तू मी यायच्या आत निघून गेलास. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. चार ओळी. वरच्या वॉर्डांतून फोनवर फोन येत होते, दोन नंबरची लिफ्ट बंद का म्हणून. मी ओळींवरून डोळे फिरवले, पान न उलटताच खाली सही ठोकली आणि मेन स्विच वर करून लिफ्ट चालू केली. तळमजल्याच्या दाराचं कुलूप तू दुरुस्तीला काढून नेलं होतंस आणि त्याच्या जागी तपासणीपुरती तार जोडली होतीस, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट चालायची आणि लिफ्ट समोर नसली तरी दार उघडायचं. वीस मिनिटांनी चादरींची गाडी ओढत, धुलाईच्या मावशी पाठमोऱ्या त्या दारातून आत शिरल्या. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती, त्या सरळ खालच्या खड्ड्यात पडल्या. त्यांची किंकाळी मला मशीनरूमपर्यंत ऐकू आली. त्या अजून काठी घेऊन चालतात, आणि भेटल्या की माझीच विचारपूस करतात. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, नोंद वाचली होती का. माझी पाचावर धारण बसली. वाचली होती, पण लिहिणं गोंधळाचं होतं, धोका कळत नव्हता, असं मी म्हणून गेलो. साहेबांनी चार ओळी वाचल्या आणि म्हणाले, एवढी मोठी गोष्ट तिसऱ्या ओळीत कोण लिहितं? झालं. तार तुझी, नोंद तुझी, नोकरीही तुझीच गेली. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. मी घरी येऊन जेवलो, झोपलोसुद्धा.

गेल्या वर्षी माझी धाकटी लेक वाचताना अडायला लागली. तिला शिकवणीच्या बाईंकडे नेलं. बाईंनी मला फॉर्म भरायला दिला, मी सवयीने खिसे चाचपले, तर त्यांनी स्वतःचाच चष्मा काढून पुढे केला. पळवाटच बंद. त्या म्हणाल्या, याला डिस्लेक्सिया म्हणतात, बापाकडून लेकीकडे येऊ शकतो, आणि हा ढपणा नव्हे. लंबू, सत्तेचाळीस वर्षं मी स्वतःला ढ समजत होतो. मला अक्षरं अगदीच येत नव्हती असं नाही. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जायची. बाईंनी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी पाडून दिली. एक ओळ वाचायची, पुठ्ठा सरकवून ती झाकायची, काय कळलं ते आपल्या शब्दांत बोलायचं, नाहीतर त्याचं चित्र काढायचं. वायरिंगचा नकाशा मला एका नजरेत कळतो, मग ओळीचाही नकाशाच काढायला लागलो. पहिल्या महिन्यात एक परिच्छेद वाचायला संध्याकाळ जायची. धाकटी माझ्यापुढे गेली आहे आणि मला शिकवताना भारी तोरा मिरवते.

दहा दिवसांपूर्वी दुपारच्या सुट्टीत मी जुनी रजिस्टरं काढली. ते पान सापडलं. त्यावर पुठ्ठा ठेवला. पहिली ओळ, कुलूप काढलं आहे. दुसरी, तार जोडली आहे. तिसरी, कुलूप परत बसेपर्यंत लिफ्ट चालू करू नये, दार उघडं राहतं. चौथी, वडील पडलेत, निघतो. यात गोंधळ कसला? मग मी पान उलटलं. मागे पेन्सिलने दार काढलं होतंस, त्याच्यापुढे खड्डा, आणि स्विचवर मोठी फुली. वडील घरात पडलेले असताना तू थांबून माझ्यासाठी ते काढलंस. तुला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. आणि चौकशीत ‘याला वाचता येत नाही’ एवढं म्हणाला असतास तर तू सुटला असतास.

उद्या तेव्हा चौकशीला बसलेले तेच तिघे साहेब बसणार आहेत, मावशींनाही मी बोलावून घेतलं आहे. माझा जबाब मी स्वतः लिहिला आहे, दीड पान. साहेब म्हणाले, ठेवून जा, आम्ही वाचू. मी नाही म्हटलं. तो मी उभा राहून वाचणार आहे, पुठ्ठा लावून, अडखळेन तिथे थांबून. नंतर रजिस्टरातलं ते पान उलटून तुझं चित्र दाखवणार आहे. माझी नोकरी जाईल, तुझी परत मिळेल की नाही ठाऊक नाही. पण तुझ्याबद्दल मी जे खोटं बोललो ते खोटं होतं, हे त्या खोलीत म्हणायच्या आधी तुला सांगायचं होतं. आजवर तू मला वाचून दाखवत आलास. आज पहिल्यांदा मी लिहिलेलं तू वाचतो आहेस. माफ कर असं लिहून तीनदा खोडलं, कारण ते मागायचा मला हक्क नाही. अकरा वाजता येऊ शकलास तर दाराशी उभा राहा. आत नाही आलास तरी चालेल.

तुझाच,
बिनचष्म्याचा जोडीदार